डोस दिला, पिल्लू बरी आहे

ती. आई-बाबा, सा. न.

आम्ही तिघं मजेत. आई, परवा फोनवर मी तोडून बोलले ते रात्रभर डोक्यात राहिलं म्हणून लिहितेय. पिल्लूला रोटाव्हायरसच्या, म्हणजे बाळांच्या जुलाबांवरच्या लसीचा पहिला डोस दिला. तू म्हणालीस ठाण्याला आलात की आपल्या डॉक्टरांना विचारून देऊ, पण इथे फिनलंडमध्ये पहिला डोस 12 आठवड्यांच्या आतच लागतो, मार्चपर्यंत थांबले असते तर वेळ गेलीच असती ना गं.

सुई नाहीये, तोंडातून देतात. नर्सने नळी गालाच्या आत धरून हळूहळू सोडलं, ही चोखत बसली, थोडंसं हनुवटीवर ओघळलं. लसीतला विषाणू जिवंत असला तरी कमजोर केलेला असतो, आजार नाही देत. दोन दिवस शी जरा पातळ झाली, बस. तो विषाणू शीतून बाहेर पडतो म्हणून लंगोट बदलला की आम्ही दोघं साबणाने हात धुतो. एकच बजावलंय, पाय पोटाशी घेऊन कळवळून रडली, सारखी ओकली किंवा शीत रक्त दिसलं तर थेट हॉस्पिटल, आतड्यात आतडं अडकू शकतं, पण फार क्वचित. मी रात्री तीनदा उठून लंगोट बघते, तुझीच मुलगी आहे.

ऐरोलीच्या वहिनीला सांग, आपल्याकडे 6, 10, 14 आठवड्यांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, चुकवू नको म्हणावं. इथे 2, 3 आणि 5 महिन्यांना.

आणि व्हिडिओवर पिल्लू बाल्कनीत दिसली ते ऐक. फिनलंडमध्ये बाळांना दुपारी बाहेरच झोपवतात, बाहेर बर्फ असला तरी. लोकरीचे कपडे, वर जाड पिशवी, फक्त नाक उघडं, बाबागाडीत बेबी मॉनिटर. गार हवेत जास्त वेळ झोपतात म्हणे, आणि खरंच दोन तास झोपते, घरात अर्धा तास पण नाही. मी खिडकीतून हलत नाही, शपथ.

बाबा, डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे सोमवारी टाकलेत, परत पाठवू नका प्लीज. तेव्हा यायला हवं होतं, नाही जमलं. आणि दादाच्या साखरपुड्याला पण नाही जमत, ह्यांना मार्चमध्ये सुट्टीच नाही मिळाली. दादाला मीच सांगते, तुम्ही आधी बोलू नका. लग्नाला मेमध्ये नक्की, तिकिटं काढलीत, तोवर तिचे तिन्ही डोस झालेले असतील. आई, माझी हिरवी पैठणी उन्हात टाकून ठेव.

तुमची,
चिमी