गाडीच्या एसीतून येणाऱ्या जळक्या वासाबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात की ब्लोअर (एसीचा पंखा) एक-दोन-तीन स्पीडवर चालत नाही, फक्त चारवर चालतो, आणि एसीच्या जाळीतून गरम प्लॅस्टिकसारखा वास येतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की संशय ब्लोअरच्या रेझिस्टरवर (स्पीड कमी करणारा भाग) आणि त्याच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगवर जातो. गॅरेजवाला ‘गॅस भरून बघू’ म्हणाला, तर त्याला नको म्हणा. गॅस कमी असेल तर गारवा कमी होतो, जळका वास येत नाही.

खात्री घरच्या घरी करता येते. गाडी अंगणात उभी करा, इंजिन बंद ठेवा, चावी फक्त ‘ऑन’ला आणा आणि ब्लोअर दोन-तीन मिनिटं चालवा. आई, तू शेजारच्या सीटवर बस, या कामात तुझं नाक जास्त भरवशाचं. इंजिन थंड असूनही वास आला, तर तो बहुतेक ब्लोअरचा किंवा त्याच्या वायरिंगचा. मग आतली हवा फिरवायचं बटण दाबा. तरीही वास तसाच राहिला, तर उगम केबिनमध्येच आहे. बटण दाबल्यावर थांबला, तर तो बाहेरून, वायपरखालच्या जाळीतून आत येतोय. धूर दिसला तर मात्र पुढची तपासणी नको. चावी बंद करा, दोघंही खाली उतरा.

आता कारण सांगते. खालच्या स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातो. तो विजेचा थोडा दाब अडवतो आणि अडवलेल्याची उष्णता होते. म्हणूनच त्याला हवेच्या नळीत बसवलेलं असतं, ब्लोअरच्याच वाऱ्याने तो गार राहतो. एसीचा फिल्टर चोक झाला की वारा कमी होतो, रेझिस्टर तापतो आणि त्यातला उष्णतेचा फ्यूज उडतो. चारवर करंट रेझिस्टर टाळून थेट मोटरला जातो, म्हणून तेवढा एकच स्पीड उरतो. पण चारवर चालतोय म्हणून तसाच चालवू नका. सगळ्यात जास्त करंट चारवरच असतो, आणि कपलर वितळायला लागला असेल तर तो तिथेच पुढे वितळेल. दुरुस्ती होईपर्यंत ब्लोअर बंद, काचा खाली.

कपलर नीट बघायला लावा. रेझिस्टर डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या खाली ब्लोअरशेजारी दोन स्क्रूंवर असतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि दहा मिनिटं थांबायचं, तो हाताला चटका देण्याइतका तापलेला असतो. कपलर ओढून काढला की एखाद्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी, फुगलेलं दिसेल, पीनही काळवंडलेली असेल. पीन सैल झाली की सांध्यात रोध वाढतो. समजा 20 अँपिअर करंट आहे आणि रोध ओहमचा फक्त दहावा भाग. तरी 40 वॅट उष्णता शेंगदाण्याएवढ्या जागेत साठते. रेडिओवाल्याची साधी सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची असते!

त्यामुळे नुसता नवा रेझिस्टर जुन्या कपलरमध्ये खुपसला तर तो फार टिकणार नाही. कपलर वायरच्या तुकड्यासकट नवा हवा, वायर मूळच्याच जाडीची तांब्याची, सांधा क्रिंप करून (धातूच्या नळीत घट्ट दाबून) वर हीट श्रिंक नळी, म्हणजे तापवल्यावर आवळणारी. वायरी पिळून काळी टेप गुंडाळायची सवय सगळीकडे आहे. इथे ती चालवून घेऊ नका.

त्याच वेळी मोटरही तपासून घ्या. पंखा बोटाने फिरवला की सहज फिरायला हवा. अडकत असेल, कुरकुरत असेल, तर मोटर जास्त करंट ओढते आणि सगळं परत जळतं. लहान गाडीत पूर्ण स्पीडला क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) साधारण 20 अँपिअरच्या आत आकडा यावा. पंख्यात कडुनिंबाची पानं किंवा उंदराने आणलेला कापूस निघाला तर आश्चर्य नको, गाडी झाडाखालीच असते ना.

फ्यूजच्या खोक्यातला ब्लोअरचा फ्यूज उडाला असेल तर झाकणावर लिहिलाय त्याच आकड्याचा घाला. ब्लोअरला बहुतेक 30 अँपिअरचा, हिरवा असतो. 40 चा घातला तर फ्यूज वाचेल, वायर जळेल.

फिल्टर तुम्हीच बदला. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो, मागे झाकण, त्यात फिल्टर. त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. कागदी फिल्टर धुऊन वापरू नका. वर्षातून एकदा नवा. रस्ता धुळीचा असेल तर आधीच.

बाकीचे वास थोडक्यात. गोडसर वास, काचेला आतून तेलकट धुकं आणि डावीकडची मॅट ओली असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय. तेव्हा गाडी चालवू नका आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. सिग्नलला उभं असताना तेल जळल्यासारखा वास आला तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बघायला सांगा. रबराचा असेल तर बेल्ट. पसरणी घाट उतरताना येणारा उग्र वास मात्र ब्रेकचा. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, पाय सारखा ब्रेकवर ठेवू नका, बाबा.

काम झालं की जुना रेझिस्टर आणि कपलर मागून घ्या आणि दोन्हीचा जवळून फोटो पाठवा. कुठली पीन जळली ते बघून मोटर बदलायची का ते सांगते.

कळावे.
तुमची,
मंजू