डेंग्यूत ताप उतरल्यावर काय होतं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की आपल्या पेपरात प्लेटलेटच्या तुटवड्याच्या बातम्या येतात, पण प्लेटलेट पडतात कशाने हे कुठे येत नाही म्हणून लिहितेय. मागच्या गणपतीत माझ्या भाच्याला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला, ताईने मऊ भात भरवला, सगळ्यांना वाटलं सुटलो, आणि त्याच रात्री पोट दुखायला लागलं, उलट्या, हातपाय गारठले. प्लेटलेट 22 हजार. नातेवाईक डॉक्टरांशी भांडायला लागले की चढवत का नाही, डॉक्टर मात्र सलाईन आणि हिमॅटोक्रिटवर (रक्त किती दाट झालंय त्याचं माप) नजर ठेवून होते, आणि तेच बरोबर होतं हे मला नंतर वाचल्यावर कळलं.

डेंग्यूची एनएस-वन टेस्ट आता घराघरात माहीत आहे. हे एनएस-वन व्हायरसचंच प्रोटीन, रक्तात सुटतं. शरीर त्याच्यावर अँटिबॉडी बनवतं पण त्यातल्या काही आपल्याच प्लेटलेटला आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, कारण तिथले काही भाग एनएस-वनशी मिळतेजुळते असतात. तैवानच्या तैनान शहरातल्या संशोधकांनी हे उंदरांवर दाखवलंय. मग अशी अँटिबॉडी लागलेली प्लेटलेट आपल्याच मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी गिळतात, अस्तराच्या पेशी खवळून सूज आणणारी रसायनं सोडतात. प्लेटलेट जिथे बनतात ती बोनमॅरोही मंदावलेली असते, त्यामुळे सगळा दोष अँटिबॉडीचा नाही, पण बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही फार टिकत नाहीत ते यामुळेच. रक्तस्राव नसेल तर 10 हजारांच्या खाली गेल्याशिवाय शक्यतो चढवत नाहीत.

दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू जास्त वाईट. व्हायरसचे 4 प्रकार आहेत, आधीच्या अँटिबॉडी नव्या प्रकाराला नुसत्या धरतात, मारत नाहीत, आणि मॅक्रोफेज अँटिबॉडीचं शेपूट पकडून त्याला आत ओढून घेतात, म्हणजे चोराला घरातल्यानेच दार उघडून दिलं. त्या पेशी मग इतक्या भडकतात की रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, आणि हे नेमकं ताप उतरताना होतं!

म्हणून कळकळीची विनंती, आकड्यांच्या बातमीशेजारी रोज एक छोटी चौकट द्या: ताप उतरल्यावर पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, खूप ग्लानी असेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, ब्रुफेन, ॲस्पिरिन घेऊ नका. आमच्या फ्रिजवर भाच्याच्या प्लेटलेटचे सहा दिवसांचे आकडे लिहिलेला कागद होता, त्यावर यातलं एकही लिहिलेलं नव्हतं.

आपली,
एक नियमित वाचक