मेगरचा काटा बिघडलेला नसतो

महोदय,

गेल्या महिन्यात भंगाराच्या एका दुकानात काळ्या बेकलाइटची पेटी दिसली. बाजूला फिरवायचा दांडा, वर काच, कातडी पट्टा तुटलेला. दुकानदार म्हणाला, "काका, बंद हाय ते. काटा बघा की, मधीच अडकलाय. किलोवर घेऊन जावा."

काटा अडकला नव्हता. ती पेटी म्हणजे मेगर, वायरींचे आणि मोटारींचे इन्सुलेशन शाबूत आहे का ते तपासायचे यंत्र. हाताने फिरवायच्या जुन्या मेगरला काटा शून्यावर आणणारी स्प्रिंगच नसते. आतल्या दोन कॉइलींच्या ओढाताणीत काटा जागा धरतो. दांडा थांबला की तो मोकळा, कुठेही राहतो. मी तिथेच दांडा फिरवला. काटा इन्फिनिटीला, म्हणजे अनंत रोधावर गेला. वायरींची टोके जुळवली, शून्यावर आला. मिनिटाला १६० फेऱ्यांच्या आसपास आतला क्लच घसरल्याचे मनगटाला कळले. म्हणजे ५०० व्होल्ट तयार. पट्टीवरची धूळ पुसली तर नाव एव्हरशेड अँड विग्नोल्स, लंडन. 'मेगर' हे नाव १९०३ साली याच कंपनीने नोंदवले.

मी सोलापुरातल्या एका गिरणीत इलेक्ट्रिकल खात्यात २२ वर्षे होतो. पावसाळ्यात पाळी सुरू होण्याआधी रिंग फ्रेमच्या (सूत कातायच्या यंत्रांच्या) मोटारींना मेगर मारायचा. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने टर्मिनलला वायर धरायची. इन्सुलेशनचा रोध एक मेगओहमच्या (दहा लाख ओहमच्या) खाली आला की मोटार खोलून आत बल्ब लावून वाळवायची. गिरणी बंद पडली आणि ही सगळी हत्यारे लोखंडाच्या भावाने गेली. त्यात आमच्या खात्याचा एव्होमीटरही (व्होल्ट, करंट आणि रोध मोजणारा मीटर) गेला. तो मला वाचवता आला नाही, हे अजून बोचते.

एव्होमीटर ओळखणे सोपे आहे. दोन मोठ्या गोल चकत्या, डावी डीसीची, उजवी एसीची. काट्याखाली आरशाची पट्टी. जास्त करंट गेला तर टप् करून वर उडणारे बटण. त्याचा मॉडेल ८ हा १९५१ साली आला आणि २००८ पर्यंत बनत राहिला. असा मीटर मिळाला तर आधी मागचे झाकण काढून सेल बघावेत. आत १५ व्होल्टची छोटी बॅटरी असते; ती वर्षानुवर्षे तशीच राहिली की पाझरते आणि पितळी पट्ट्या खाते. जुना ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे यंत्र) मात्र उत्साहाच्या भरात उघडू नये. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबपाशी हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.

माझी विनंती शहरातल्या कॉलेजांना, आयटीआयला आणि कारखान्यांना आहे. प्रयोगशाळेतले जुने मीटर लिलावात वजनावर काढण्याआधी एक दिवस जाणकारांना पाहू द्यावेत. पट्टीवरचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक तरी वहीत उतरवून घ्यावेत. केगावच्या विज्ञान केंद्रात यांतल्या चालू यंत्रांसाठी एक कपाट मिळाले तर फार बरे. पण ती काचेआड नकोत. मेगरचा दांडा पोरांच्या हाताने फिरला पाहिजे.

दुकानातला तो मेगर मी घरी आणला आहे. कुणाकडे अशी यंत्रे असतील तर संपादकांकडे माझा पत्ता आहे. पाहायला आणि दुरुस्त करून द्यायला मी माझ्या खर्चाने येईन.

एक निवृत्त गिरणी इलेक्ट्रिशियन,
साखर पेठ, सोलापूर