ड्रोनची चाचणी जुलैत घ्या

संपादक महोदय,

ड्रोनने सामान पोहोचवण्याची चर्चा निघाली की बोलणे शहरातल्या किराण्यावर आणि जेवणाच्या डब्यांवर येते. मुंबईत त्याची मला गरज दिसत नाही. दुचाकीवरचा मुलगा एका फेरीत कितीतरी पार्सले वाटतो. ड्रोन बहुधा एकेक नेणार, त्यात विमानतळामुळे परवानग्यांचा जाच आणि इमारतींच्या दाटीत उतरायला जागा नाही. ही सोय खरी हवी आहे ती आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना.

डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोविड लसीचे ३०० डोस गेले. अंतर सुमारे २० किलोमीटर, वेळ दहा मिनिटांच्या आत. त्याचा आनंद आम्हाला झाला, आजही आहे. पण डिसेंबरात आमचे आभाळ निरभ्र असते आणि रस्तेही चालू असतात. टपाल खात्याने कर्जतहून माथेरानला ड्रोनने पार्सल पाठवले तेही मे २०२५ मध्ये, म्हणजे पावसाच्या तोंडावर. आमची माणसे अडकतात जुलै-ऑगस्टमध्ये. ओहोळ भरून वाहतात, फरशी पुलावरून पाणी जाते, बाळंतपणाला अडलेल्या बाईला डोलीत घालून चिखलातून न्यावे लागते. नेमके तेव्हाच दाट धुके आणि सोसाट्याचा वारा असतो. चार-सहा पंख्यांच्या ड्रोनची बॅटरी हवेत नुसते तरंगतानाही खर्च होत असते. वाऱ्याशी झुंजायचे आणि वर वजन न्यायचे म्हटले की पल्ला झपाट्याने घटतो.

रवांडात २०१६ पासून रुग्णालयांना ड्रोनने रक्त जाते. ते ड्रोन विमानासारख्या पंखांचे असतात. रुग्णालयापाशी उतरत नाहीत, खोके पॅराशूटने सोडून परत फिरतात. माझ्या मते त्या यशाचे निम्मे श्रेय जमिनीवरच्या साठवण केंद्राला आहे. तिथे रक्त तयार असते आणि मागणी येताच ते बांधून देणारी माणसेही.

आपण काय पाठवायचे, हेही ठरवायला हवे. सर्पदंशावरची लस भुकटीच्या रूपात मिळते, तिला फ्रीज लागत नाही. तिचा साठा जूनआधीच प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचला पाहिजे. त्यासाठी ड्रोनची वाट पाहणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ. पहिल्याच मात्रेला बहुधा दहा कुप्या लागतात. साठा संपला, तरच ड्रोन. रक्ताचे वेगळे. लाल पेशी काही आठवडे टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. त्या जागोजागी साठवता येत नाहीत. म्हणून ग्रामीण रुग्णालयापर्यंत त्या वेळेवर उडत आल्या तर बाई वाचेल. परतीच्या फेरीत ड्रोन रिकामा येऊ नये, क्षयाच्या तपासणीसाठी थुंकीचे नमुने घेऊन यावा.

जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती आहे: येत्या जुलैत जव्हार-मोखाडा मार्गावर महिनाभर रोज फेऱ्या ठेवा. किती पूर्ण झाल्या, हवामानामुळे किती रद्द झाल्या आणि प्रत्येक फेरीला किती खर्च आला, हे आकडे जाहीर करा. खरेदीचा निर्णय त्यानंतर घ्या.

– एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, जव्हार (जि. पालघर)