मिरजेची छापील गीता
महोदय,
मराठी मुद्रणाचा विषय निघाला की मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांच्या १८३१ च्या शिळाछाप (दगडावरून छापलेल्या) पंचांगाचा गौरव होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु त्याआधी, १८०५ मध्येच, मिरजेत तेथील संस्थानिक गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली होती, याचा सांगली जिल्ह्यातही फारसा उल्लेख होत नाही. पुण्यात पेशवे दरबारातील इंग्रजांचा वकील (राजदूत) मॅलेट याच्या प्रोत्साहनाने छपाईसाठी अक्षरे कोरण्याचे कसब शिकलेला तांबट नाना फडणवीसांच्या निधनानंतर मिरजेस आला. सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे वेगवेगळे ठसे, नव्हते. तांब्याच्या पत्र्यावर प्रत्येक काना, वेलांटी, जोडाक्षर उलटे कोरायचे, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटे. तंतुवाद्यांच्या कारागिरांचा आपण अभिमान बाळगतो, तसाच या हातांचाही बाळगावा. नगरप्रशासनाने मिरजेत या ग्रंथाचा माहितीफलक लावावा, ही विनंती.
– एक वाचक, मिरज