सर्किटमधला वैमानिक आणि पडद्यावरचा नकाशा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

नवशिक्या वैमानिकांना छोट्या विमानांवर शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. वैमानिक होऊ पाहणारे तरुण आणि त्यांचे पालक आपल्या वाचकांत निश्चितच असतील, म्हणून एका गोष्टीविषयी जरा सविस्तर लिहीत आहे. कॉकपिटमधला सरकता नकाशा, म्हणजे जीपीएसच्या आधारे आपले विमान या क्षणी कुठे आहे हे दाखवणारा पडदा, विमानतळाभोवतीच्या सर्किटमध्ये कसा आणि किती वापरावा, हा तो विषय. तो अजिबात वापरू नये म्हणणारे जुने प्रशिक्षक आणि पडद्यावर सगळे दिसतेच असे मानणारे नवे विद्यार्थी, या दोघांशीही माझे पटत नाही. मी स्वतः अनेक वर्षे सर्किट सुरू होताच पडद्यावर कागद चिकटवत असे. ती सवय मी विचारपूर्वक सोडली आहे.

या क्षेत्राशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. सर्किट म्हणजे धावपट्टीला धरून केलेली आयताकृती फेरी. उड्डाणानंतर सरळ चढणारा भाग अपविंड, त्याला काटकोनात क्रॉसविंड, मग धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाणारा डाउनविंड, पुन्हा काटकोनात बेस आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत उतरणारा फायनल. छोट्या विमानांसाठी ही फेरी बहुधा जमिनीपासून १००० फुटांवर आणि बहुतेक ठिकाणी डावी वळणे घेत होते. डाउनविंड धावपट्टीपासून साधारण अर्धा ते एक सागरी मैल दूर असतो. एवढ्याशा जागेत रेडिओवर बोलायचे, वेग कमी करायचा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) खाली घ्यायचे, उंची सांभाळायची आणि त्याच फेरीतल्या इतर विमानांना डोळ्यांनी शोधायचे असते.

एका दुपारचा प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. माझा विद्यार्थी डाउनविंडवर होता. नकाशावर धावपट्टी फार बारीक दिसते म्हणून दोन बोटांनी तो पडदा मोठा करू लागला. नकाशा एकदा जास्तच मोठा झाला, मग सरकला, मग त्याने तो पुन्हा जागेवर आणला. या खटाटोपात दहाएक सेकंद गेले. तेवढ्यात विमान शंभर फूट वर चढले होते आणि ९० नॉट (ताशी ९० सागरी मैल) वेगाने जवळजवळ साडेचारशे मीटर पुढे गेले होते. डावीकडे, आमच्यापेक्षा जरा खाली, एक पांढरे ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, धावपट्टीच्या दिशेने वळत होते. पडद्यावर त्याचा ठिपका नव्हता, कारण त्यात ट्रान्सपॉन्डरच, म्हणजे आपली ओळख आणि उंची रेडिओने कळवणारे यंत्रच, नव्हता. ते आमच्यापासून सुरक्षित अंतरावर होते. पण मी बोटाने दाखवेपर्यंत माझ्या विद्यार्थ्याला ते दिसले नव्हते, आणि ते दिसायला हवे होते हेही त्याच्या ध्यानात आले नव्हते.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या टक्कर टाळण्याविषयीच्या पत्रकात एक हिशेब दिलेला आहे. समोरची वस्तू दिसल्यापासून ती विमान आहे हे ओळखणे, ते आपल्याच वाटेवर आहे हे उमगणे, काय करायचे ते ठरवणे, हात हलवणे आणि विमानाने प्रत्यक्ष वळणे, या सगळ्याला मिळून १२.५ सेकंद लागतात. हा हिशेब वस्तू दिसल्यानंतरचा आहे. म्हणून नकाशात घालवलेले दहा सेकंद मी मोठे मानते. बाहेर पाहण्याचीही शिस्त असते. नजर सर्रकन फिरवली तर दूरचे विमान निसटते. आकाशाचे साधारण १० अंशांचे तुकडे पाडून प्रत्येकावर निदान एक सेकंद नजर थांबवावी लागते. अशा पाहण्यात वारंवार पडद्याकडे खाली बघणे आले की ती लय मोडते, आणि जवळच्या पडद्यावरून दूरच्या क्षितिजावर डोळे पुन्हा स्थिरावायलाही वेळ लागतो.

इतर विमाने दाखवणाऱ्या ठिपक्यांविषयी स्पष्टच लिहायला हवे. प्रत्येक विमान आपली जागा रेडिओने सतत कळवत राहते त्या एडीएस-बी यंत्रणेमुळे आसपासची विमाने नकाशावर दिसतात. दहा-पंधरा मैलांवरून विमानतळाकडे येताना त्यांचा फार मोठा उपयोग होतो, हे मी आनंदाने मान्य करते. कोण कुठल्या बाजूने येत आहे, कोण आपल्या उंचीवर आहे, हे आधी कळले की डोळ्यांना कुठे शोधायचे ते कळते. पण ठिपका नाही म्हणजे विमान नाही, असा अर्थ कधीही होत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रांत ही यंत्रणा सक्तीची झाली. तरी मुळातच विद्युत यंत्रणेशिवाय बनलेली विमाने, ग्लायडर आणि फुगे यांना तिथेही त्यातून सूट आहे, आणि कंट्रोल टॉवर नसलेली कितीतरी लहान विमानतळे त्या क्षेत्रांच्या बाहेरच आहेत. सर्किटमध्ये आणखी एक अडचण येते. सगळी विमाने एकमेकांच्या इतकी जवळ असतात की ठिपके एकमेकांवर चढतात, इशारे वाजत राहतात, आणि पडद्यावरचे चित्र प्रत्यक्षापेक्षा काही क्षण मागे असू शकते. तिथे ठिपका जुळवत बसणाऱ्यापेक्षा खिडकीतून पाहणारा पुढे असतो.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे, कंट्रोल टॉवर नसलेल्या विमानतळावर, सर्किट करणारे एक इंजिनाचे सेसना १५२ आणि सरळ फायनलवर येणारे दोन इंजिनांचे सेसना ३४० यांची टक्कर झाली आणि तिघांचा जीव गेला. दोन्ही वैमानिक एकाच रेडिओ वारंवारितेवर बोलत होते. मागचे विमान फार वेगाने येत आहे हे छोट्या विमानाच्या वैमानिकाच्या ध्यानातही आले होते. तसे त्याने रेडिओवर सांगितले होते. त्यांच्या कॉकपिटमधल्या पडद्यांविषयी मला इथे काही म्हणायचे नाही. सांगायचे एवढेच की सर्किटचा शेवटचा मैल इतका अरुंद आणि वेगातला फरक इतका महाग असतो, की त्या मैलात नजर बाहेरच असली पाहिजे.

आता नकाशाच्या खऱ्या उपयोगाकडे येते, कारण तो पुरता टाकून देणे मला पटत नाही. पहिला उपयोग सर्किटमध्ये शिरण्याआधीचा. मे २००० मध्ये जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली गेली आणि शंभर मीटरपर्यंत हुकणारी जागा काही मीटरांवर आली. एवढे अचूक साधन हाताशी असताना, समोर दिसणारे विमानतळ आपलेच आहे ना आणि ही धावपट्टी तीच आहे ना, हे पडताळून न पाहणे हा हलगर्जीपणा आहे. १२ जानेवारी २०१४ रोजी, रात्री, मिसुरी राज्यातील ब्रॅन्सन विमानतळाकडे निघालेले एक बोइंग ७३७ जवळच्याच दुसऱ्या लहान विमानतळावर उतरले. तिथली धावपट्टी केवळ ३७३८ फूट लांबीची होती. अनुभवी वैमानिकांनाही दिवे पाहून चकवा बसतो. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगते की दहा मैलांवर असतानाच धावपट्टीची रेषा नकाशावर पुढे वाढवून घ्या, नकाशाचे प्रमाण एकदाच ठरवा, डाउनविंडला कुठल्या बाजूने मिळायचे ते मनाशी पक्के करा, आणि मग त्या पडद्याला पुन्हा हात लावू नका.

दुसरा उपयोग डाउनविंडच्या मध्यावर, आणि तोही एका नजरेचा. तिथे मला चित्र नको असते, फक्त एक आकडा हवा असतो: ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून पाहिले तर विमान प्रत्यक्षात कुठल्या दिशेला सरकत आहे. उदाहरण घेऊ. धावपट्टी २७ (म्हणजे २७० अंशांवर, पश्चिमेला रोख असलेली), डावी सर्किट, वारा २२० अंशांवरून १५ नॉट. डाउनविंडवर विमानाचे नाक बरोबर ०९० वर धरले आहे, वेग ९० नॉट आहे आणि ट्रॅकचा आकडा ०८३ दाखवतो. म्हणजे वारा विमानाला धावपट्टीकडे ढकलत आहे. नाक सातएक अंश उजवीकडे धरले की डाउनविंड समांतर होईल, हे तर झालेच. पण तो आकडा त्याहून मोठी गोष्ट सांगतो. हाच वारा बेसवर पाठीमागून ११-१२ नॉटने ढकलणार आहे. बेस नेहमीपेक्षा लवकर संपेल आणि फायनलचे वळण नेहमीपेक्षा आधी सुरू करावे लागेल. ही सूचना डाउनविंडवर, हाताशी वेळ असताना मिळते. बेसवर पोहोचल्यावर ती मिळून उपयोग नसतो.

कारण तिथेच जीव जातात. वळण उशिरा घेतले की विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाते. नवशिका घाबरतो, जमीन जवळ असल्याने जास्त कलायला धजत नाही आणि त्याऐवजी आतल्या बाजूचे रडर (शेपटीचे सुकाणू फिरवणारे पायपट्टे) दाबून नाक धावपट्टीकडे ओढतो. नाक खाली जाऊ लागले की स्टिक मागे खेचतो. विमान घसरत वळते, वेग कमी होतो आणि आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकदम कमी होते. सातशे-आठशे फुटांखाली सुरू झालेला स्पिन, म्हणजे गिरकी घेत खाली पडणे, सावरायला सहसा उंचीच पुरत नाही. सरळ उड्डाणापेक्षा स्टॉलचा वेग ३० अंशांच्या कलात सुमारे ७ टक्के, ४५ अंशांत सुमारे १९ टक्के आणि ६० अंशांत सुमारे ४१ टक्के वाढतो. हे सगळे चालू असताना नकाशावर काय दिसते? विमानाचे चिन्ह रेषेपलीकडे सरकताना दिसते, आणि ते रेषेवर परत आणावे असा मोह नेमका त्याच क्षणी होतो. पडद्यावर कल दिसत नाही, घसरण दिसत नाही, वेगाची पडझड दिसत नाही. म्हणून बेस आणि फायनलवर नकाशाकडे पाहायचेच नाही, असा माझा नियम आहे. रेषा हुकली तर उतरण्याचा हट्ट सोडून इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची आणि पुन्हा फेरी घ्यायची.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, पहिल्या काही सर्किटच्या तासांत पडदा पूर्ण मंद ठेवावा, म्हणजे पंखाच्या टोकाशी धावपट्टी कुठे दिसली पाहिजे, आणि धावपट्टीचे टोक खांद्यामागे ४५ अंशांवर गेले की बेस घ्यायचा, हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांत बसेल. पडदा नंतर सुरू करावा, आणि कुठल्या टप्प्यावर किती पाहायचे ते तोंडी नव्हे, तर सरावाच्या लेखी सूचनांत नोंदवावे. नकाशा दाखवणारा टॅबलेट उन्हात तापून ऐन वेळी बंद पडतो, हेही त्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवावे.

नकाशाचा तिसरा उपयोग मला सर्वांत प्रिय आहे आणि तो विमान थांबल्यावरचा आहे. ग्लायडर न दिसलेल्या त्याच विद्यार्थ्याला पुढच्या आठवड्यात मी पडदा मंद करून सहा फेऱ्या मारायला लावल्या. इंजिन बंद झाल्यावर पडदा उजळला आणि नोंदला गेलेला मार्ग उघडला. सहाही आयत एकमेकांवर पडलेले होते. पहिल्या चारांत डाउनविंड धावपट्टीकडे झुकलेला होता आणि फायनलचे वळण रेषेपलीकडे फुगलेले होते, चारही वेळा त्याच बाजूला. पाचव्यात फुगवटा निम्मा झाला होता. सहाव्यात तो नव्हता. त्याने बराच वेळ त्या रेषांकडे पाहिले, मग मान वर करून वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी वातकोशाकडे पाहिले आणि वारा कुठून होता ते मी न विचारताच सांगितले.

आपली विश्वासू,
एक उड्डाण प्रशिक्षिका