आमच्या मारुती ८०० च्या पुढच्या सस्पेन्शनबद्दल एक जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या जुन्या मारुती ८०० चे पुढचे सस्पेन्शन आपण ज्या आस्थेने तपासलेत आणि दुरुस्त करून दिलेत, त्याबद्दल केवळ तोंडी आभार मानून माझे समाधान होईना. आपले नाव चारचौघांत घेतलेले आपल्याला आवडत नाही, म्हणून ते येथे लिहीत नाही. मात्र आपण नेमके काय केलेत, हे इंदुरात जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या इतर मराठी घरांनाही कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येई आणि ब्रेक दाबला की डाव्या बाजूला ठोका बसून गाडी किंचित ओढली जाई. एका गॅरेजमध्ये गाडी न उचलताच दोन्ही शॉकअब्जॉर्बर आणि स्टिअरिंग रॅक बदलायला सांगितले होते. आपण मात्र एकही बोल्ट सैल करण्याआधी गाडी जॅकवर घेतलीत, खाली स्टँड लावलेत आणि चाक वर-खाली धरून, मग डावी-उजवीकडे धरून हलवून पाहिलेत. टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यावर, मला हात ठेवायला लावलात; तेथे काहीच खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला नाही. मग चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून जरा जोर दिलात, तेव्हा आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला वळू देणारा गोल सांधा, डोळ्यांना दिसेल इतका वर सरकला. त्याचे रबरी बूट, म्हणजे वरचे आवरण, फाटले होते आणि आत बोट घातले तर ग्रीसऐवजी ओलसर रेतीच हाताला लागली. पावसाळ्याचे पाणी आणि धूळ त्या चिरेतून किती काळ आत जात असेल, हे मला त्या क्षणी समजले.

ब्रेकच्या ठोक्याचे कारण आपण वेगळे दाखवलेत. या गाडीत स्टॅबिलायझर बार, म्हणजे दोन्ही बाजूंचे लोअर आर्म जोडणारी पोलादी कांब, वळणावर गाडीचा कल तर कमी करतोच, शिवाय त्याची टोके लोअर आर्ममध्ये अडकलेली असल्याने चाक पुढे-मागे सरकू नये हे कामही त्याच्याकडेच असते. त्या टोकांवरचे रबरी बुश, म्हणजे धक्का झेलणाऱ्या लहान गाद्या, झिजून गेले की ब्रेक लागताच चाक मागे ढकलले जाते आणि ठोका बसतो. इतकी साधी आणि स्वस्त वस्तू, पण सुरक्षिततेचा केवढा भार तिच्यावर! शॉकअब्जॉर्बरमधून तेल गळत नव्हते आणि बॉनेटजवळ दाबून सोडले की गाडी एकदा वर येऊन थांबत होती, म्हणून ते आपण काढलेच नाहीत. दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बॉल जॉइंटांसह आणि बारचे सगळे बुश मात्र नवे घातलेत, कारण उजवी बाजूही तेवढीच जुनी होती. या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले असले, तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात. ते बाजारातून आणल्यावर जुन्या भागांशेजारी ठेवून आपण पारखून घेतलेत.

सर्वांत जास्त कृतज्ञता मला पुढच्या गोष्टीबद्दल वाटते. नवे आर्म बसवल्यावर त्यांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे आतल्या बाजूचे बोल्ट आपण मुद्दाम पूर्ण आवळले नाहीत. चाके लावून गाडी खाली घेतलीत, पुढून काही वेळा दाबून तिला तिच्या नेहमीच्या उंचीवर बसू दिलेत, आणि मग पिटमध्ये उतरून ते बोल्ट घट्ट केलेत. आर्मच्या या टोकातल्या बुशचे रबर आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटलेले असते आणि ते पीळ खाऊनच हलते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायम पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. घाई असती तर ही पायरी कुणीही गाळली असती आणि आम्हाला ते कधी कळलेही नसते. माझ्या मते चांगला कारागीर अशाच, गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागी ओळखावा.

त्यानंतर आपण लगेच अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, पाठवलेत, नाहीतर नव्या आर्मनंतर टायर एका कडेने खाल्ले गेले असते. आता खंडवा रस्त्यावर भेरूघाट उतरताना ब्रेक दाबला तरी गाडी सरळ रेषेत राहते. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे रस्ते जागोजागी खचतात, आणि असा प्रत्येक धक्का आधी याच सांध्यांना सोसावा लागतो. म्हणूनच आपण बजावल्याप्रमाणे पावसाळा संपताच सर्व बूट पुन्हा तपासून घ्यायला गाडी आपल्याकडे घेऊन येईन. तेव्हा आईने आपल्यासाठी खास करून ठेवलेले मेतकूटही आणते.

आपली कृपाभिलाषी,
लोकमान्य नगर, इंदूर येथील आपली एक शेजारीण